सकाळी साडेआठला पाऊस मोजा, आबा

फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो
१७ मे

तीर्थरूप आबा आणि आईस शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी आबांनी फोनवर विचारलं, "तिथं जाऊन तू नेमकं करतेस तरी काय?" दादाची पोरं फोन ओढत होती, त्यामुळं नीट सांगणं झालंच नाही. म्हणून हे पत्र. शिवाय तुमच्याकडं एक कामही आहे, ते मृग निघायच्या आत व्हायला हवं.

जानेवारीत मी अमेरिकन मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीच्या वार्षिक अधिवेशनाला गेले होते. हवामानशास्त्राची ही संस्था १९१९ सालची. मुख्य अधिवेशनाआधी विद्यार्थ्यांची वेगळी परिषद भरते. नोकऱ्या कुठं असतात, अर्ज कसा करायचा, आपलं काम लोकांना कसं सांगायचं, हे सगळं तिथं कळतं. मी माझ्या अभ्यासाचं पोस्टर लावून उभी होते. एक वयस्कर बाई आल्या, सगळे आलेख शांतपणे पाहिले आणि म्हणाल्या, "तुझ्या गावातल्या माणसानं हे बघितलं तर त्याला काय समजेल?"

मला एकदम आपली कोल्हापूरची शुक्रवार पेठ दिसली. जुलै-ऑगस्टात आपल्याकडं जो भेटेल तो एकच विचारतो, "बंधाऱ्याला किती फूट?" पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे आपल्या गल्लीतलं शाळकरी पोरही सांगतं. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा माळ्यावर धान्य चढवताना आबा मला सारखं विचारत होते, "अजून किती वाढंल गं?" मी तेव्हा हवामानशास्त्रच शिकत होते, तरी उत्तर नव्हतं. आणि त्या पोस्टरवर सगळं काही होतं, फक्त फूट नव्हते. त्या रात्री मला झोप आली नाही.

आता या गावाचं ऐका. २८ जुलै १९९७ ला इथं पूर आला. गावाच्या पश्चिमेला दीड दिवसात १४ इंचांहून जास्त पाऊस कोसळला, म्हणजे साडेतीनशे मिलिमीटरच्या वर, आणि काही मैलांवर पूर्वेला जेमतेम दोन इंच. पाच माणसं गेली. आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात पाणी शिरून लाखो पुस्तकं भिजली. नेमका किती पाऊस कुठं पडला हे सरकारी मापकांवरून कळेना, कारण मापकं थोडी आणि पाऊस असा तुकड्यातुकड्यांत पडलेला. तेव्हा इथल्या हवामान केंद्रानं लोकांनाच विचारलं, तुमच्या अंगणात किती पडला? त्यातूनच नोलन डोस्केन यांनी १९९८ ला साध्या माणसांनी रोज पाऊस मोजायचा उपक्रम सुरू केला. त्याचं नाव कोकोराझ. आज तो अमेरिकेच्या सगळ्या ५० राज्यांत आणि कॅनडातही चालतो. निवृत्त मास्तर, शेतकरी, शाळेची मुलं, कुणीही सकाळी सात वाजता नळी बघतो आणि आकडा कळवतो. गारा मोजायला फोमच्या तुकड्यावर चकचकीत पन्नी गुंडाळून ठेवतात. पडलेल्या खळग्यांवरून गार केवढी होती ते समजतं.

मीही दोन वर्षं मोजतेय. हा कोरडा प्रदेश, बहुतेक दिवस शून्यच असतो, पण शून्यसुद्धा कळवायचं. पाऊस पडला नाही की कुणी बघितलंच नाही, हे नाहीतर कसं ओळखणार?

आता आपल्याकडचं बघा. अरबी समुद्रावरची ओली हवा सह्याद्रीला अडून वर चढते, थंड होते आणि बरंचसं पाणी घाटमाथ्यावर टाकून पुढं येते. म्हणून मामाच्या गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास आणि आत्याच्या शिरोळला पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात दहापट फरक! मामाच्या डोंगरावर पडलेलं पाणी कुंभीतून पंचगंगेत येतं आणि आपल्या पेठेत शिरतं, तेव्हा आपल्या डोक्यावर ऊनही असू शकतं. आणि आत्याला विचारा, सरकारदरबारी अतिवृष्टी धरायला महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर लागतात, पण मापक असतं एका जागी आणि रान दुसरीकडं.

म्हणून माझं मागणं असं, तुम्ही, मामा आणि आत्या, तिघांनी पाऊस मोजायचा. दोन लिटरची सरळ अंगाची बाटली घ्या. वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवा. तळ खालीवर असतो म्हणून आत धुतलेले खडे टाका, ते बुडतील एवढं पाणी घाला आणि तिथं शून्याची खूण करा. बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवा. गच्चीवर मधोमध चार विटांत रोवा. पाण्याच्या टाकीपासून टाकीच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब हवी, नाहीतर आडोशानं पाऊस कमी दिसतो. रोज सकाळी साडेआठला वाचायचं, कारण आपल्या हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. आकडा लिहून झाला की पाणी शून्याच्या खुणेपर्यंत काढून टाका. मामानं संध्याकाळीही एकदा वाचून पाणी खुणेपर्यंत काढावं, तिकडं एका दिवसात बाटली भरून वाहील. दोन्ही आकड्यांची बेरीज करायची.

एक मिलिमीटर म्हणजे गुंठ्याला साधारण शंभर लिटर पाणी. आबा, हे आत्याच्या यजमानांना सांगा, ते लगेच उसाचा हिशोब मांडतील.

आई, जुन्या दिनदर्शिकेच्या मागं तारखा आखून ठेव. पोरांना वाचू दे, पण रोज एकाच पोरानं वाचावं, भांडणं नकोत. सध्या वळीव पडतोय ना? मग उद्यापासूनच सुरू करा, आणि पहिला आकडा मला लगेच कळवा, शून्य असला तरी.

तुमची धाकटी