ताई, आधी शेडचा नकाशा काढ

इंदूर

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गणपतीत येऊन इथल्या बंद पडलेल्या कापड मिलमधल्या जुन्या मंडळींच्या आठवणी रेकॉर्ड करायचा तुझा बेत आवडला. पण तू पाठवलेली प्रश्नांची यादी बाजूला ठेव. ‘मिलमधले दिवस कसे होते?’ असं विचारलंस की समोरचा म्हणणार, ‘छान होते, भोंगा वाजायचा, सगळे घरच्यासारखे राहायचो’, आणि गप्प बसणार. दहा जणांना विचार, दहाही जण हेच सांगतील. मिलवाल्याची आठवण जागेला चिकटलेली असते. खातं कुठलं, पाळी कुठली, कितवी ओळ, डावीकडे कोण, उजवीकडे कोण, हे विचारलंस की तो आपोआप बोलू लागतो.

म्हणून पहिलं काम नकाशाचं. मोठी ड्रॉइंग शीट घे आणि लूमशेडचा, म्हणजे जिथे माग चालत त्या शेडचा, चौकोन काढ. दिशेबद्दल वाद होतील, तेव्हा छप्पर विचार. शेडचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असे आणि काचा उत्तरेकडे, म्हणजे ऊन थेट आत येत नाही आणि उजेड दिवसभर सारखा राहतो. माणूस दार विसरेल, पण उजेड कुठल्या खांद्यावर पडायचा ते विसरत नाही. उत्तर दिशा ठरली की लूमच्या ओळी आख. साध्या लूमवर एका विणकराकडे दोन किंवा चार लूम असत आणि तो मधल्या गल्लीत उभा राहून दोन्ही बाजू सांभाळे. एका गल्लीला एक चौकट दे. चौकटीत नाव, तिकीट नंबर आणि पाळी लिही, तेही पेन्सिलीनं, कारण दुसरा येऊन खोडणारच. नाव आठवलं नाही तरी तिकीट नंबर आठवतो, कारण पगार, रजा, बीमा सगळं त्याच नंबरावर चाले. तीन पाळ्यांना तीन रंग ठेव. पाच-सहा जणांनी आपापल्या जागा भरल्या की रिकाम्या चौकटी दिसू लागतात. पुढे कुणाला शोधायचं ते त्या रिकाम्या चौकटीच सांगतात.

शोधायचं कुठे, तर परदेशीपुरा, पाटणीपुरा, नंदानगर, मालवा मिलचा परिसर. नंदानगरच्या बीमा अस्पतालच्या ओपीडीत सकाळी हमखास कुणी ना कुणी भेटतं. हुकुमचंद मिलची माणसं सगळ्यांत लवकर सापडतील, आणि त्याला कारण आहे. ती मिल 12 डिसेंबर 1991 ला बंद पडली तेव्हा 5,895 कामगारांची देणी अडकली. कोर्टाचं काम इतकं लांबलं की 224 कोटींचा धनादेश 25 डिसेंबर 2023 ला मिळाला. एवढी वर्षं ही माणसं रविवारी गेटवर जमत राहिली, म्हणून त्यांच्याकडे याद्या आहेत, वारसांच्या नावांसकट. मालवा, कल्याणमल, स्वदेशी या मिली 1974 च्या राष्ट्रीयीकरणात नॅशनल टेक्स्टाईल कॉर्पोरेशनकडे गेल्या. तिथल्या पुष्कळांनी व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतली, पैसे घेऊन जो तो आपल्या वाटेनं गेला आणि पुन्हा एकत्र बसायचं कारणच उरलं नाही. त्यांना शोधायला तुझा नकाशा लागेल. माझं मत विचारशील तर माणसं प्रेमापेक्षा थकबाकीनं जास्त बांधलेली राहतात. तुझ्या आईला हे पटत नाही.

आता बोलायचं कसं ते. लूमशेडमध्ये 95 ते 100 डेसिबलचा आवाज रोज आठ तास. त्यानं आधी वरच्या पट्टीचं ऐकू येणं जातं. आवाज कळतो, पण स, श, फ, थ ही अक्षरं गळतात. ‘सहा’ आणि ‘दहा’ यांत गोंधळ होतो. तू ओरडू नकोस, ओरडलं की स्वर मोठे होतात, गळलेली अक्षरं तशीच राहतात. समोर बस, तुझ्या चेहऱ्यावर उजेड पडू दे, खालच्या पट्टीत सावकाश बोल. विणकर ओठ वाचतात, शेडमध्ये बोलणं तसंच चाले. आकडा असेल तर पाटीवर लिहून दाखव. टीव्ही आणि पंखा बंद. फोन टेबलावर तसाच ठेवला की कपबशी ठेवल्याचा दणका येतो, म्हणून खाली घडी घातलेला रुमाल ठेव आणि फोन बोलणाऱ्यापासून हातभराहून लांब नको.

लूमशेडवाल्यांचं मात्र व्हिडिओच घे. नुसत्या आवाजात अर्धी गोष्ट जाईल. जॉबर (मुकादम) येतोय, बीम (ताण्याचा रूळ) संपत आला, माझ्या लूमवर लक्ष ठेव, पाणी पिऊन येतो, यांसाठी हाताच्या खुणा होत्या. प्रत्येकाला वेगळं बसवून एकेक खूण करून दाखवायला सांग आणि मग ताडून बघ. ही भाषा कुणी लिहून ठेवलेली माझ्या पाहण्यात नाही.

येताना माळ्यावरच्या ट्रंकेतला धोटा, म्हणजे लूमवर आडवं सूत इकडून तिकडे नेणारा, आणि त्यात बसणाऱ्या सुताच्या दोन-तीन कांड्या काढून घे. काही न विचारता धोटा त्यांच्या हातात दे. अंगठा आधी डोळ्यापाशी जाईल, ज्या भोकातून सूत बाहेर येतं तिथे. मग आतली जीभ वर उचलली जाईल, रिकामी कांडी निघेल, भरलेली बसेल, जीभ खाली आणि सुताचं टोक डोळ्याशी. तिथे पुष्कळांचं तोंड धोट्याकडे जाईल, कारण सूत तोंडानं ओढून घ्यायची सवय होती. लवकर होई म्हणून सगळे करत. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी आणि शेडमध्ये क्षय, हा धोका डॉक्टर सांगतच होते. साधा लूम मिनिटाला 180 ते 200 पिक मारायचा, म्हणजे धोटा तितक्या वेळा आडवा जायचा, आणि एक कांडी पाचेक मिनिटांत रिकामी व्हायची. चार लूम म्हणजे मिनिट-सव्वा मिनिटाला एक धोटा बदलायचा, शिवाय तुटलेले ताणे, म्हणजे उभे धागे, जोडायचे ते वेगळेच. हे गणित तू मांड आणि विचार, ‘लघवीला कधी जायचात?’ हसतील, आणि मग खरं बोलतील.

प्रत्येक खात्याला ‘काय बिघडायचं?’ हा प्रश्न विचारायचाच. विणकराला विचार, धोटा उडायचा का. धोट्याला ठोसा देणारा पिकर झिजला, पट्ट्याचा जोर कमी-जास्त झाला, ताण्याचं तोंड (धोटा जायची वाट) उशिरा उघडलं किंवा तुटलेला धागा आडवा पडला की धोटा गल्लीत उडतो. कुणाच्या कपाळावर, कुणाच्या डोळ्याजवळ खूण असेल. त्याहून वाईट म्हणजे स्मॅश. धोटा मध्येच अडकतो, सूत ठोकून बसवणारी फणी पुढे येते, लूम वेळेवर थांबला नाही तर शेकडो ताणे एकदम तुटतात. ते परत ओवायला तास जातात आणि पीस रेटवर, म्हणजे विणलं तेवढ्याच पैशांवर, असणाऱ्याची कमाई तेवढी गेली. चूक फिटरची की विणकराची, हे भांडण अजून चालू आहे. तू कुणाची बाजू घेऊ नकोस, दोन्ही लिहून ठेव.

सायझिंगवाल्याला, म्हणजे ताण्याला खळ लावणाऱ्याला, खळ विचार. मक्याचं स्टार्च, चिंचोक्याची पूड, चरबी, किती पाण्याला किती, किती शिजवायची. सूत फार वाळवलं तर ते कडक होऊन लूमवर तुटतं. कमी वाळलं तर धागे एकमेकांना चिकटतात आणि बीम सुटत नाही. खळ लावलेलं सूत कोरड्या हवेतही तुटतं, म्हणून शेडमध्ये दमट हवा हवी. लूमशेडमध्ये 75 ते 85 टक्के आर्द्रता ठेवत, म्हणजे इंदूरच्या मे महिन्यात आत काय होत असेल ते तूच बघ. मग विणकर म्हणणार ‘सायझिंगनं माल खराब दिला’ आणि सायझिंगवाला म्हणणार ‘शेडमध्ये पाणी मारलं नव्हतं’. दोघंही खरे असू शकतात.

सूत कातणाऱ्या रिंगफ्रेमवाल्याला काउंट, म्हणजे सुताच्या बारीकपणाचा आकडा, विचारायचा. 840 यार्ड सुताची एक आटी (लड), अशा 20 आट्या एका पौंडात बसल्या तर 20 चा काउंट, म्हणजे आकडा वाढला की सूत बारीक. कुठला काउंट जास्त चाले हे कळलं की मिल धोतरं काढत होती की जाडं कापड, तेही कळतं. कापूस मोकळा करून पिंजणाऱ्या ब्लोरूम आणि कार्डिंगवाल्यांना मात्र सांभाळून. कापसाच्या धुळीनं छाती गेलेली असते. वीस मिनिटांवर बसवू नकोस, आणि थंडीत सकाळी नको. त्यांना एवढं विचार की खोकला आठवड्यात कुठल्या दिवशी जास्त असायचा. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, ही त्या रोगाची खूण आहे आणि ती त्यांना डॉक्टरांच्या आधी माहीत होती.

वाइंडिंगमधल्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यातल्या, बायकांकडे तू एकटी जा, मी येणार नाही. घरातल्या पुरुषांसमोर त्या ‘आम्हाला काय कळतंय’ म्हणतील. गाठ मारून दाखवायला सांग. गाठ बारीक आणि घट्ट हवी, नाहीतर फणीत अडकते.

जॉबर आणि विणकर एकत्र बसवू नकोस. मिल बंद होऊन तीस वर्षं झाली तरी जॉबरसमोर विणकर गप्प होतो, कारण बदलीवाल्याला (गैरहजर माणसाच्या जागी येणाऱ्याला) काम द्यायचं की घरी पाठवायचं हे जॉबर ठरवत असे. इंटकवाले (काँग्रेसच्या युनियनचे) आणि लाल झेंडेवाले मात्र एकत्र चालतील. भांडतील, पण भांडणात तारखा नीट बाहेर येतात.

तारखांवरून आठवलं. ‘कुठल्या साली?’ असं विचारू नकोस. आणीबाणीच्या आधी की नंतर, मुंबईचा 1982 चा संप चालू होता का, कपिलदेवनं वर्ल्डकप आणला तेव्हा कुठल्या पाळीत होतात, इंदिराजी गेल्या त्या दिवशी मिल चालू होती का, असं विचार. त्यांतून साल तू काढ.

बैठकीत पहिला अर्धा तास पेन्शनवरच जाईल, तो जाऊ दे. ईपीएस-95 या कामगारांच्या पेन्शन योजनेची किमान पेन्शन 2014 पासून महिना 1,000 रुपये आहे, त्यावर बोलल्याशिवाय कुणाचा जीव थंड होत नाही. कुणाचा हयातीचा दाखला अडला असेल तर तो तिथेच करून दे. म्हातारपणी बोटांचे ठसे उमटत नाहीत, मशीन नाही म्हणतं. फोनवर चेहरा दाखवून होतो, तुला ते येतं. दाखला दिलेल्या तारखेपासून वर्षभर चालतो, ती तारीख तुझ्या वहीत लिहून ठेव आणि पुढच्या वर्षी आठवण कर. या मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप टिकतो तो अशा कामांनी. सुप्रभातच्या फुलांनी तो फक्त भरतो.

ग्रुपमध्ये प्रत्येकाबरोबर मुलाचा किंवा सुनेचा नंबर पण जोड. रिचार्ज संपून नंबर बंद पडतो, मग तो भलत्यालाच मिळतो आणि आपण समजतो की माणूस गेला. व्हॉइस मेसेज ग्रुपमध्येच राहू देऊ नकोस, फोन बदलला की जातात. त्याच रात्री कॉम्प्युटरवर उतरव, फाइलला खातं, तिकीट नंबर, तारीख असं नाव दे, आणि दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी. पगार, कर्ज, घरचं भांडण बोलण्यात आलं तर विचारल्याशिवाय कुणाला ऐकवायचं नाही.

फोटो मिळतील तर घरी आणू नकोस, तिथेच काढ. काचेला चिकटलेला फोटो ओढलास तर रंग काचेवर राहतो. काचेसकट, दोन्ही बाजूंनी तिरका उजेड घेऊन, फोन सरळ वर धरून काढ. लॅमिनेशन करून द्या म्हणतील, करायचं नाही. वर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डोक्यावर आकडा घाल आणि नावं वेगळ्या कागदावर. फोटोच्या पाठीवर बॉलपेन चालवू नकोस, पुढे उमटतं.

ये मात्र अनंत चतुर्दशीच्या निदान आठ दिवस आधी. मिली बंद आहेत, पण झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, मिलच्या नावानंच निघतात, आणि त्या बनतात तिथे सगळी खाती एकत्र सापडतात. फिटर मोटर आणि पट्टे लावतो, इलेक्ट्रिशियन माळा जोडतो, मूर्तीचा हात खालीवर होण्यासाठी जो दांडा बसवतात त्यावर तासभर चर्चा चालते. ती चर्चा मध्ये न बोलता रेकॉर्ड कर, घरी बसवून कुणी एवढं बोलणार नाही. विसर्जनाच्या रात्री काही विचारायचं नाही, जेल रोडपासून राजवाड्यापर्यंत इतके ढोल असतात की चांगल्या कानाच्या माणसालाही ऐकू येत नाही.

ड्रॉइंग शीट इथे मिळेल, ट्रेसिंग पेपरचा रोल आणि मऊ पेन्सिली पुण्याहून आण. तिकीट काढलंस की कळव. आई विचारते आहे की जावईबापू येणार का, त्याप्रमाणे वरची खोली झाडून ठेवायची.

तुझे बाबा