आधी केबल, मग बोर्ड: आमच्या बायोमेडिकलच्या सरांना पत्र

आदरणीय सर,

रुग्णालयाच्या वर्कशॉपात तुम्ही आम्हाला जे शिकवलंत, त्याबद्दल आभार मानायचे आहेत. तेही जाहीरपणे, कारण बारावीनंतर बायोमेडिकल इंजिनिअरिंगकडे, म्हणजे वैद्यकीय उपकरणांच्या शाखेकडे, पाहणाऱ्यांना त्यातलं बरंच कामाला येईल.

ऑप-अ‍ॅम्प, फिल्टर, सिग्नल प्रोसेसिंग कॉलेजात झालं होतं. तपासायचं कोणत्या क्रमाने, ते तुमच्याकडून कळलं. ईसीजीवर मेनच्या विजेची 50 हर्ट्झची थरथर आली की लगेच मशीन उघडायचं नाही. आधी इलेक्ट्रोडची जेल सुकली आहे का, त्वचा नीट पुसली होती का ते बघायचं. मग लीडची तार (तुटते ती बहुधा प्लगच्या मुळाशी), मग अर्थिंग. नॉच फिल्टर (50 हर्ट्झ तेवढे गाळणारा) शेवटी, कारण तो थरथर लपवतो, दोष तसाच राहतो. शिवाय क्यूआरएसच्या (ठोक्याच्या टोकदार लहरीच्या) मागे मुळात नसलेल्या लहरी उमटवू शकतो. 1 मिलिव्होल्टला 10 मिलिमीटर उंची येते का, हे पाहिल्याशिवाय मशीन वॉर्डात परत पाठवायचं नाही.

डिफिब्रिलेटरचा (हृदयाला विजेचा शॉक देणाऱ्या यंत्राचा) धडा तर प्रत्येक रुग्णालयात लावावा असा. अ‍ॅनालायझरच्या (शॉकची ऊर्जा मोजणाऱ्या उपकरणाच्या) 50 ओहमच्या लोडवर 200 जूलचा शॉक दिला तर आकडा 170 ते 230 च्या आत हवा. पण ही चाचणी मेनचा प्लग काढूनही करायची. बॅटरी म्हातारी झालेली असली तरी प्लग लावलेला असताना सगळं ठीक दिसतं, आणि रुग्णाला हलवताना नेमकं चार्जिंग अडतं.

व्हेंटिलेटरचा ऑक्सिजन सेल (ऑक्सिजनचं प्रमाण मोजणारा सेन्सर) हवेतल्या ऑक्सिजननेही झिजतो. पाकीट फोडून कपाटात ठेवलेला सेल म्हणजे पैसे पाण्यात. स्टोअरवाल्यांना हे तुम्ही किती वेळा सांगत असाल!

लीकेज करंटच्या (उपकरणातून रुग्णाकडे झिरपणाऱ्या विजेच्या) मर्यादा आम्ही परीक्षेपुरत्या पाठ केल्या होत्या: सामान्य स्थितीत बीएफ प्रकाराला (शरीराला जोडायच्या उपकरणांना) 100 मायक्रोअँपिअर, सीएफला (थेट हृदयाला जोडायच्या) फक्त 10. हृदयापर्यंत गेलेल्या कॅथेटरला त्वचेच्या रोधाची ढाल नसते, म्हणून दहाच, हे तुम्ही उलगडून सांगितलंत.

करिअरबद्दलही तुम्ही गोड गोड बोलला नाहीत. पहिली नोकरी बहुधा सर्व्हिसची असते: फिरती, रात्रीचे फोन, सुट्या भागांची वाट पाहणं. वैद्यकीय उपकरणांचे 2017 चे नियम 1 जानेवारी 2018 पासून लागू झाले. त्यांत जोखमीनुसार ए ते डी असे वर्ग आहेत, त्यामुळे कागदपत्रं आणि चाचण्या चोख करणाऱ्यांना रेग्युलेटरीत (नियमांनुसार मंजुरी मिळवण्याच्या विभागात) काम आहे. संशोधनात जायचं तर 2020 पासून गेटमध्ये (एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेत) बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली हृदयाची झडप 1990 मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. असं काम आपल्याकडे होतं, हेही तुम्ही आवर्जून दाखवलंत. मेडिकलची ‘नीट’ परीक्षा हुकली म्हणून इकडे येणाऱ्यांना मात्र आमचा सल्ला: गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स आवडत नसेल तर चार वर्षं जड जातील.

तुमच्या लॉगबुकाचा नमुना, तुम्ही परवानगी दिल्याप्रमाणे, ज्युनिअर्सना दिला आहे. ‘बिघाड झाला तेव्हा वापरणारा काय करत होता’ हा रकाना त्यात तसाच ठेवलाय.

तुमचे,
बायोमेडिकल अंतिम वर्षाचे विद्यार्थी