चि. ओंकारला, ऑपरेशनच्या आधी

सोलापूर,
शुक्रवार

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

सकाळी हुतात्मा एक्स्प्रेस सुटेपर्यंत तू माझ्याशी धड बोलला नाहीस. गाठीचा तुकडाही न तपासता डॉक्टर थेट ऑपरेशन कसे ठरवतात, हा तुझा प्रश्न रास्त होता. स्टेशनवरच्या गडबडीत उत्तर देता आले नाही, म्हणून लिहितो.

तुझ्या गाठीला अँजिओफायब्रोमा म्हणतात. ती कर्करोगाची नाही. साधारण १० ते २० वर्षांच्या मुलग्यांनाच ती होते आणि नाकाच्या पार मागे, घशाच्या वरच्या बाजूला वाढते. तिच्यातल्या रक्तवाहिन्यांना स्नायूंचे अस्तर पुरते नसते, त्यामुळे त्या फुटल्या की आकसून मिटत नाहीत, आणि तुकडा काढायला गेल्यास रक्त आवरत नाही. निदान स्कॅनवरूनच होते. गालाच्या पोकळीची मागची भिंत गाठीने पुढे रेटलेली डॉक्टरांनी मला सीटी स्कॅनवर बोट ठेवून दाखवली.

रक्ताचा विषय काढायचा नाही असे ठरवले होते. सोलापूरच्या उन्हाळ्यात घोळणा कोणाचा फुटत नाही? कांदा हुंगवला, टाळूवर पाणी थापले की भागते. तुझा मात्र गड्ड्याच्या जत्रेत, ऐन थंडीत फुटला, आणि तोही नेहमीच्या चोंदलेल्या डाव्या नाकपुडीतूनच. त्या रात्री आईने टॉवेल भिजवला, तर बादलीतले पाणी कितीदा बदलले तरी गुलाबीच राहत होते. तू मात्र ‘मॅच संपवूनच आलो’ असे हसत सांगत होतास. त्या धीराचे मला कौतुक आहे. पण दुखणे अंगावर काढण्यात कसला पुरुषार्थ, आणि आईबापांपासून लपवण्यात तर... असो. आजारी मुलाला व्याख्यान देऊ नये. राग मानू नकोस.

आधी मांडीच्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन गाठीला रक्त पुरवणारी धमनी सूक्ष्म कणांनी बुजवतील, आणि त्यानंतर एक-दोन दिवसांत दुर्बिणीच्या साहाय्याने नाकातूनच गाठ काढतील. चेहऱ्यावर कापावे लागणार नाही. यामुळे रक्त बरेच कमी जाते, असे डॉक्टर म्हणाले. कमी म्हणजे किती, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही.

नंतर ते सांगतील तोवर नाक शिंकरू नकोस. ही गाठ पुन्हा उद्भवू शकते, म्हणून पुढेही एमआरआय करावे लागतील. तेव्हा कुरकुर नको. आजीने बांधून दिलेली शेंगाचटणी तूर्त मामानेच खावी.

रक्तपेढीसाठी दिनूकाका मित्रांना घेऊन रविवारी येत आहे. त्याला नको म्हणू नकोस. तुझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात अंगदुखीच्या गोळ्या आहेत, त्या घेण्याआधी डॉक्टरांना दाखव, कारण अशा काही गोळ्यांमुळे रक्त लवकर थांबत नाही. दाखवल्यावर मला फोन कर.

तुझा,
बाबा