चित्र नको, पुस्तक घे

रत्नागिरी
नारळी पौर्णिमेनंतरचा रविवार

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. निवृत्तीनंतर जहाजांची आणि समुद्राची जुनी पुस्तकं जमवायची म्हणतोस आणि सल्ला माझा मागतोस. वहिनींना हे सांगितलंस का? नसलं तर आजच सांग. घरातली एक भिंत जाणार हे त्यांना तुझ्याकडून कळलेलं बरं. आमच्याकडे दोन भिंती गेल्या आहेत आणि तिसरीबद्दल बोलणी चालू आहेत.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. त्या दुकानात घेरियाच्या, म्हणजे आपल्या विजयदुर्गाच्या, लढाईचं फ्रेम केलेलं चित्र आहे आणि चार्ल्स लो याच्या 'हिस्टरी ऑफ द इंडियन नेव्ही'चे दोन खंड आहेत, किंमत जवळजवळ सारखीच, तर काय घेऊ? अरे, यात विचारायचं काय! पुस्तक घे. तसली बरीच चित्रं कुठल्या ना कुठल्या पुस्तकाच्या पोटातून फाडून काढलेली असतात. आख्खं पुस्तक एकदाच विकलं जातं, पण त्यातले वीस नकाशे आणि चित्रं सुटी करून चौकटीत बसवली की वीस गिऱ्हाइकं मिळतात. लिन्शोटेनचं हेच झालं. हा डच माणूस १५८३ ते १५८८ गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. परत जाऊन १५९६ मध्ये त्याने अ‍ॅमस्टरडॅमला पुस्तक छापलं आणि पोर्तुगिजांनी जपून ठेवलेली पूर्वेच्या सागरी वाटांची माहिती सगळ्या युरोपापुढे उघडी केली. त्यातलं गोव्याच्या बाजाराचं चित्र तू हॉटेलांच्या भिंतींवर नक्की पाहिलं असशील. त्या पुस्तकाची पूर्ण प्रत आता तुझ्यामाझ्या ऐपतीतली नाही, आणि त्याला हे फाडणारे बऱ्याच अंशी जबाबदार आहेत. आपण त्यांचं गिऱ्हाईक व्हायचं नाही, एवढा नियम पहिल्या दिवसापासून पाळ.

लोबद्दल सांगायचं तर तो स्वतः त्या, म्हणजे इंग्रजांच्या इथल्या, नौदलात अधिकारी होता. १८६३ मध्ये ते नौदल मोडीत निघालं आणि याने १८७७ मध्ये त्याचा इतिहास छापला. त्यामुळे मजकुरात घरचं माणूस गेल्याचं दुःख आहे आणि आंग्र्यांवरचा राग तर ठायी ठायी आहे. तो राग मनावर घेऊ नकोस. या छंदात पडल्यावर आपल्या सरखेलांना 'पायरेट' म्हणणारी पुस्तकंच आपण पैसे मोजून घरात आणतो. त्याला इलाज नाही. क्लेमंट डाउनिंग हा कान्होजींविरुद्धच्या मोहिमांत होता. त्याच्या १७३७ च्या पुस्तकाच्या नावातच 'अँग्रिया द पायरेट' आहे. मूळ आवृत्ती मिळायची आशा धरू नकोस, विल्यम फॉस्टरने १९२४ मध्ये संपादित केलेली मिळाली तर घे. कॅटलॉगात शोधतानाही विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग असं शोधशील तर काही हाती लागणार नाही. घेरिया आणि सेव्हर्नद्रूग असं शोध. एडवर्ड आइव्हजचं १७७३ चं प्रवासवर्णन मला असंच सापडलं. ते स्कॅनमध्ये वाचलं, प्रत अजून मिळालेली नाही. हा आइव्हज अ‍ॅडमिरल वॉटसनच्या जहाजावरचा सर्जन. १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला तेव्हा तो तिथे होता. लढाई सगळेच लिहितात. मला त्याचं वाचावंसं वाटलं कारण डॉक्टरची नजर तोफांइतकीच माणसांवरही असते.

आता माझ्या खऱ्या प्रेमाकडे येतो. तू फक्त एकाच प्रकारची पुस्तकं जमव असं कुणी म्हणालं, तर मी सांगेन की 'सेलिंग डिरेक्शन्स' जमव. कुठून कुठे जाताना कोणता डोंगर कुठे दिसेल, खडक कुठे आहे, पाणी किती, तळाला चिखल की वाळू, नांगर कुठे टाकायचा, हे सांगणारी कप्तानांची कामाची पुस्तकं. दिसायला रूक्ष. दुकानदारही ती खालच्या कप्प्यात टाकतो. पण त्यांच्यामागची माणसं बघ.

जेम्स हॉर्सबर्ग हा स्कॉटलंडचा पोरगा. १७८६ च्या मे महिन्यात तो 'अ‍ॅटलस' जहाजावर पहिला मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा पहिला अधिकारी, होता. वय चोवीसही नाही. बटाव्हियाहून (आजच्या जाकार्ताहून) सिलोनला जाताना जहाज हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सियाच्या बेटावर आदळून फुटलं. हातातला नकाशा चुकीचा होता. दुसरा कुणी असता तर नशिबाला दोष देऊन मोकळा झाला असता. याने नकाशाला दोष दिला आणि पुढचं सगळं आयुष्य नकाशे दुरुस्त करण्यात घालवलं. मुंबईला येऊन मुंबई-चीन व्यापाराच्या जहाजांवर तो वर्षानुवर्षं फिरला. स्वतःची निरीक्षणं लिहिली, दुसऱ्यांच्या रोजनिश्या गोळा केल्या, एकाचं दुसऱ्याशी ताडून पाहिलं. वायुभारमापकातला पारा उष्ण कटिबंधात दिवसातून ठरलेल्या वेळी चढतो आणि उतरतो, हे त्याने या फेऱ्यांतच टिपलं आणि थेट रॉयल सोसायटीला कळवलं. २१ वर्षांचा हा अनुभव १८०९ ते १८११ या काळात दोन भागांत छापून आला. पुढे तेच पुस्तक 'इंडिया डिरेक्टरी' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. मधल्या काळात, १८१० मध्ये, तो ईस्ट इंडिया कंपनीचा हायड्रोग्राफर, म्हणजे सागरी नकाशांचा अधिकारी, झाला आणि १८३६ मध्ये मरेपर्यंत त्या जागेवर राहिला. सिंगापूरजवळच्या खडकावर १८५१ मध्ये त्याच्या नावाने दीपगृह उभं राहिलं. ज्याचं जहाज खडकावर फुटलं त्याला याहून योग्य स्मारक मला सुचत नाही.

आणि ही पुस्तकं दुर्मीळ का, तेही ऐक. धर्मग्रंथ जुना झाला की लोक कपाटात ठेवतात, सेलिंग डिरेक्शन्स जुन्या झाल्या की फेकाव्याच लागतात. वाळूचा दांडा सरकतो, नवा दिवा लागतो, एखादा खडक नव्याने सापडतो. जुन्या आवृत्तीवर विसंबणारा कप्तान जहाज घालवणार. म्हणून नवी आली की जुनी रद्दीत, नाहीतर समुद्रात. ज्या उरल्या त्या खाऱ्या हवेने फुगलेल्या, मेणबत्तीचे डाग पडलेल्या, पाठ निघालेल्या. लोक कोऱ्या प्रती शोधतात. मी उलट सांगेन. या प्रकारात वापरलेली प्रत शोध. माझ्याकडे हॉर्सबर्गच्या नंतरच्या आवृत्तीचा एक खंड आहे. त्यात कोकण किनाऱ्याच्या पानांवर कुणीतरी पेन्सिलीने पाण्याची खोली आणि तळाची नोंद केली आहे. शिशाच्या वजनाच्या बुडाला चरबी लावून दोर सोडायचा, वर ओढल्यावर चरबीला चिकटलेला चिखल किंवा वाळू बघायची, आणि ओल्या हाताने समासात टिपायचं. ते अक्षर वाकडंतिकडं आहे, बहुधा बोट हलत असावी. विकणाऱ्याने 'समासात लिखाण' असा दोष दाखवून किंमत कमी केली होती. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

खरं सांगू का, आपण दोघं लहानपणापासून हा किनारा जमिनीवरून बघत आलो. आपल्या लेखी किल्ला म्हणजे सहलीचं ठिकाण आणि डोंगरावरचं देऊळ म्हणजे जत्रा. या पुस्तकांत तोच किनारा समुद्राकडून दिसतो. देवळाचं शिखर, बुरूज, माडांची राई, बोडका डोंगर, या सगळ्या तिथे खुणा आहेत. एक दुसऱ्याच्या रेषेत आली की वळायचं. आपले तांडेल अजूनही असंच करतात, वावांत (दोन्ही हात पसरले की होतं त्या मापात) पाणी मोजतात आणि दोन खुणांची रेघ डोळ्यांनी धरतात. फक्त त्यांनी ते कागदावर उतरवलं नाही, ते बापाकडून मुलाकडे गेलं. आपल्याकडे लिहिलेलं म्हणाल तर आज्ञापत्रातलं आरमाराचं प्रकरण. 'ज्याचे आरमार त्याचा समुद्र' हे सगळ्यांना पाठ असतं. मला त्यातला आंब्या-फणसांचा उल्लेख जास्त आवडतो. ही लाकडं आरमाराच्या कामाची खरी, पण रयतेच्या झाडांना हात लावू नका, ती वाढायला वर्षं लागतात, असं बजावलं आहे. पण ते राज्य चालवणाऱ्याने लिहिलेलं. वारा कसा धरायचा ते लिहिणारा नाखवा आपल्याकडे मला अजून भेटलेला नाही. म्हणून परक्यांच्या पुस्तकांत आपला किनारा शोधावा लागतो. यातला सगळ्यात जुना माझा आवडता म्हणजे पोर्तुगीज दर्यावर्दी जुआंव द कास्त्रो. १५३८-३९ मध्ये तो गोव्याहून दीवला गेला आणि वाटेतली बंदरं टिपत, चित्रं काढत गेला. वसईच्या आसपास होकायंत्राची सुई बहकते आणि हे खडकांमुळे होतंय, हेही त्याच्या ध्यानात आलं. ते लिखाण पोर्तोला छापलं गेलं १८४३ मध्ये, म्हणजे तीनशे वर्षांनी. पोर्तुगीज मला येत नाही. आलं असतं तर घरातली चौथी भिंतही गेली असती.

तू राहतोस तिथून हार्टलपूल लांब नाही. तिथे 'ट्रिंकोमली' आहे ती बघून ये, आणि जायच्या आधी रतनजी वाडियांचं 'द बॉम्बे डॉकयार्ड अँड द वाडिया मास्टर बिल्डर्स' वाच, १९५५ चं. हे जहाज मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली मलबारच्या सागवानात बांधलं आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरवलं. त्याचे आराखडे इंग्लंडहून 'जावा' या जहाजाने निघाले होते. ते जहाज १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्यालगत अमेरिकनांनी जिंकून जाळलं, आणि मुंबईला नवे आराखडे येईपर्यंत थांबावं लागलं. कण्याला चांदीचा खिळा ठोकायचा पारशी विधी मात्र झाला. दोनशे वर्षं उलटली, जहाज अजून पाण्यावर आहे.

याच वाडिया घराण्यातले दोन चुलतभाऊ, जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी, १८३८ मध्ये आगबोटी बांधायचं काम शिकायला इंग्लंडला गेले. त्यांनी अडीच वर्षांच्या मुक्कामावर लिहिलेलं पुस्तक १८४१ मध्ये लंडनला छापलं गेलं. ते तू इंग्लंडात बसून वाचलंस तर फार हसशील. लंडनचं प्राणिसंग्रहालय बघायला गेले तर लोक प्राणी सोडून यांच्याभोवती जमले, असं ते स्वतःच लिहितात. तुझे तिथले पहिले दिवस आठवतील. हे मूळ पुस्तक दिसलं आणि परवडलं तर पुढचामागचा विचार करू नकोस. मला फोन कर, आपण अर्धे अर्धे पैसे घालू. राहील ते माझ्याकडे.

घेण्याआधी काय बघायचं ते थोडक्यात. यातली बहुतेक पुस्तकं इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात, आधी तिथे वाच. तिथे एक गंमत दिसेल. स्कॅन करणाऱ्याने घडीचे नकाशे उलगडलेलेच नसतात. नकाशाच्या जागी कागदाची मिटलेली घडी दिसते. म्हणजे जे बघायचं त्याच्यासाठी पुस्तकच हवं. दुकानात गेलास की चित्रांच्या यादीचं पान उघड आणि एकेक मोजून बघ, घड्या उलगडून बघ, कारण पान फाटतं ते घडीवरच. ग्रंथालयाचा शिक्का असेल आणि तो रद्द केल्याचा शिक्का नसेल, तर कितीही स्वस्त असो, परत ठेव. इकडे येशील तेव्हा चोरबाजारात पितळी सेक्स्टंटच्या (कोन मोजायच्या जहाजी यंत्राच्या) मोहात पडू नकोस, 'जुने' म्हणून विकतात त्यातले बरेचसे नव्याने घडवलेले असतात. पुस्तकांसाठी मात्र गुजरातेतल्या अलंगच्या रस्त्यावरची दुकानं बघायला हवीत. बोट मोडायला आली की तिच्यावरची पुस्तकं आणि चार्ट खुर्च्या-टेबलांबरोबर बाहेर पडतात.

आणि बांधणी. तुझ्याकडे थंड हवा आहे, तू सुखी. इथे आषाढ-श्रावणात बुरशी आणि कसर दोघी पाळीपाळीने येतात. कपाट भिंतीपासून हातभर पुढे ठेवतो, उघडीप मिळाली की दारं उघडी टाकतो, डांबरगोळ्या ठेवतो आणि हिचं बोलणं ऐकतो. बाइंडर जुन्या पद्धतीने खळीत मोरचूद घालणारा असेल तर उत्तम, किडे लांब राहतात. पण कितीही चांगला असला तरी त्याला पुस्तकाच्या कडा कापू देऊ नकोस. त्याला पानं एकसारखी दिसायला हवी असतात, आणि कटिंग मशीनखाली गेलं की समासातला तो पेन्सिलवाला कप्तान कायमचा गेला.

बाकी इकडे सगळं ठीक. पाऊस लांबलाय. आईचं गुडघ्याचं दुखणं आहे तसंच आहे, पण तुझी चौकशी रोज करते. दिवाळीला येणार असशील तर तारखा लवकर कळव. वहिनींना नमस्कार सांग, आणि भिंतीचं माझ्या नावावर खपवू नकोस.

तुझा,
बापू

ता. क. लोचे खंड घेतलेस तर पोस्टाने पाठवू नकोस, येताना हातातल्या बॅगेतून आण. आणि हो, तो दुकानदार ते चित्र कुठल्या पुस्तकातून काढलं हे सांगतो का, तेवढं विचारून ठेव.