बाबांचं १.४ आणि माझं १२४

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

माझं इथलं सगळं ठीक आहे. रोजचं तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते. परवा फोनवर मी "एकशे चोवीस" म्हणाले आणि पलीकडे सगळे एकदम गप्प झाले. आईने तर फोनच दादाच्या हातात दिला. बाबा, तुमचं क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा आणि मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, १.४ होतं आणि १.४च आहे. इथल्या एककात सांगितलं की त्याचे १२४ होतात. काहीही बिघडलेलं नाही. बोलता बोलता तसं सांगायला नको होतं, हे मला कळतंय.

इकडे परदेशातल्या लॅबची ही एक रीत आपल्याकडून आलेल्या माणसाला सुरुवातीला अजिबात उमगत नाही. रक्तात एखादा पदार्थ किती आहे, हे इथे वजनात सांगतच नाहीत, रेणूंच्या संख्येत सांगतात. आपल्याकडे रिपोर्टावर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतं, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तद्रवात किती मिलिग्रॅम. इथे मायक्रोमोल प्रति लिटर. डझन म्हटलं की बारा, तसं मोल म्हटलं की रेणूंची एक ठरलेली प्रचंड संख्या, आणि मायक्रोमोल हा त्याचा दहा लाखावा भाग. एक मोल क्रिएटिनिनचं वजन भरतं ११३ ग्रॅम आणि एक मोल युरियाचं ६० ग्रॅम. डेसिलिटरला १ मिलिग्रॅम म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम, आणि तेवढ्या क्रिएटिनिनचे होतात ८८.४ मायक्रोमोल. तुमचे १.४ गुणिले ८८.४ म्हणजे १२४. उलट करायचं असेल तर ८८.४ ने भागा. हे काही एकट्या इथल्यांचं खूळ नाही. १९७७ साली जागतिक आरोग्य सभेनेच वैद्यकात हीच एककं वापरावीत अशी शिफारस केली होती. काही देशांनी ती मानली, काहींनी जुनंच चालू ठेवलं. मला स्वतःला मोल पटतं, कारण शरीरातली अभिक्रिया रेणूला रेणू अशी होते, वजनाला वजन अशी नाही. पण घरच्या माणसाशी बोलताना घरचंच एकक वापरायला हवं.

युरियाचा घोळ याहून मोठा आहे, कारण तिथे तीन आकडे फिरतात. तुमच्या रिपोर्टावर युरिया ४५ आहे. अमेरिकेत त्याच रक्ताला बीयूएन (ब्लड युरिया नायट्रोजन) २१ म्हणतील. तिथे सबंध युरिया न सांगता त्यातल्या नायट्रोजनचंच वजन सांगतात, आणि ६० भाग युरियात नायट्रोजन २८ भाग असतो. म्हणून ४५ ला २.१४ ने भागायचं. इथे तोच लिटरला ७.५ मिलिमोल (मोलाचा हजारावा भाग) होतो, सहाने भागून. ही नायट्रोजनची मोजणी जुन्या काळापासून आलेली आहे. रक्तातली प्रथिनं आधी साका करून खाली बसवायची आणि वर जे उरेल त्यातला सगळा नायट्रोजन एकत्र मोजायचा. फोलिन आणि वू या शास्त्रज्ञांची टंगस्टिक आम्लाने प्रथिनं काढायची पद्धत १९१९ सालची. त्या उरलेल्या नायट्रोजनमध्ये जवळपास निम्मा वाटा युरियाचा, मग अमिनो आम्लं, युरिक ॲसिड, आणि क्रिएटिनिन जेमतेम पाच टक्के. तरी मूत्रपिंडाची बातमी त्या पाच टक्क्यांतच जास्त खरी मिळते. युरिया जेवणातल्या प्रथिनांवर, पाणी कमी पडण्यावर, अगदी पोटातल्या रक्तस्रावावरही हलतो. म्हणून बीयूएन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर पाहायचं. तुमचं २१ भागिले १.४ म्हणजे १५. दहा ते वीस हे नेहमीचं, वीसच्या वर गेलं तर आधी पाणी कमी पडलंय का ते बघायचं.

बाबा, तुम्ही विचारलंत की दोन लॅबचे आकडे वेगळे का आले, १.३ आणि १.४. मशीन खोटं बोलत नाही. बहुतेक ठिकाणी अजून याफे या शास्त्रज्ञाची १८८६ सालची रीतच चालते. अल्कलीत पिवळं पिक्रिक आम्ल असतं, त्यात सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) पडलं की क्रिएटिनिनमुळे नारिंगी रंग चढायला लागतो आणि मशीन तो चढताना मोजतं. पहिली २० सेकंद सोडून द्यायची, कारण उपाशी माणसाच्या रक्तातली किटोन द्रव्यं तेवढ्यातच आपला रंग देऊन मोकळी होतात. ८० सेकंदांपुढे थांबायचं नाही, कारण मग प्रथिनं सावकाश रंगायला लागतात. मधल्या मिनिटात जो रंग चढतो तो बराचसा क्रिएटिनिनचा, पण सगळा नाही. काविळीत वाढणारं बिलिरुबिन जास्त असलं तर आकडा खोटाच कमी येतो, काही प्रतिजैविकांनी खोटाच वाढतो. दुसरी रीत एन्झाइमची, ती या भानगडींतून बरीच सुटते. दोन लॅबच्या दोन रिती असल्या की ०.१ चा फरक पडणारच, आणि एकाच माणसात दिवसादिवसालाही पाचेक टक्के फरक असतो. तेव्हा कृपा करून लॅब बदलू नका. एकच लॅब, सकाळची वेळ, आदल्या रात्री मांसाहार नाही. शिजवलेल्या मांसातल्या क्रिएटिनचं क्रिएटिनिन झालेलं असतं आणि ते सरळ रक्तात दिसतं. दादा व्यायामासाठी क्रिएटिनची पावडर घेतो ना, त्याचंही तेच. त्याचा आकडा थोडा वर आला तर घाबरून जाऊ नका, पण तपासणी करायचीच असेल तर आधी पावडर बंद ठेवून मगच करायला सांगा.

रक्त घ्यायला घरी येणाऱ्या मुलाकडे जरा लक्ष ठेवा. साखरेसाठी ग्रे टोपीची नळी असते, तिच्यात फ्लोराइड असतं. युरिया मोजायला युरिएज नावाचं एन्झाइम लागतं आणि फ्लोराइड त्यालाच दाबून टाकतं, मग युरिया कमी दिसतो. घाईत एकाच ग्रे नळीत सगळं भरलं तर त्यावरचा युरिया धरायचा नाही. युरिया-क्रिएटिनिनला लाल किंवा पिवळ्या टोपीची वेगळी नळी हवी, हे त्याला आधीच सांगा. बोलायला संकोच करू नका.

डॉक्टरांनी २४ तासांची लघवी सांगितलीय, तिथेच सर्वांत जास्त चुका होतात. सकाळी सातला उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि सात वाजल्याचं डब्यावर लिहायचं. त्यानंतर दिवसभराची, रात्रीची प्रत्येक वेळची डब्यातच. दुसऱ्या दिवशी सकाळी सातची मात्र टाकायची नाही, ती डब्यात घालायची आणि मग थांबायचं. डबा गारव्याला ठेवायचा. शौचाला जाताना आधी लघवी डब्यात, हे विसरायचं नाही. समजा दीड लिटर जमली, तिच्यात क्रिएटिनिन डेसिलिटरला ८० मिलिग्रॅम आलं आणि रक्तात १.४. तर दीड हजार भागिले १४४० मिनिटं, गुणिले ८०, भागिले १.४ : जवळपास ६०. म्हणजे मूत्रपिंड मिनिटाला एवढे मिलिलिटर रक्तद्रव क्रिएटिनिनपासून साफ करतं. आता एकच वेळची ३०० मिलिलिटर सांडली, तर तोच हिशेब ४८ वर येतो. मूत्रपिंड तसंच, आकडा मात्र घाबरवणारा. त्यामुळे एखादी वेळ चुकली तर लपवून डबा देऊ नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. आणि पूर्ण जमा झाली तरी हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच येतो, कारण काही क्रिएटिनिन गाळलं न जाता मूत्रपिंडातल्या नलिकांतून थेट लघवीत सोडलं जातं.

रिपोर्टावर खाली ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड मिनिटाला किती मिलिलिटर गाळतं याचा अंदाज, असतो तो वय, बाई की पुरुष आणि क्रिएटिनिन यांवरून सूत्राने काढलेला. २०२१ च्या सूत्राने तुमच्या ६८ वर्षांना १.४ वर तो ५५ येतो. हे ऐकून मन खचू देऊ नका. ६० च्या खाली तो तीन महिने सलग राहिला तरच त्याला जुनाट आजार म्हणतात, एका रिपोर्टावर नाही. सोबत लघवीतलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर नक्की करून घ्या, ते ग्रॅमला ३० मिलिग्रॅमच्या आत हवं. तुम्हाला रक्तदाब आहे, म्हणून मला या आकड्याची काळजी १.४ पेक्षा जास्त वाटते.

आणि आई, "माझं तर १.०च आहे, नॉर्मल" असं म्हणून तू सुटत नाहीस. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, आणि तू आहेस किडकिडीत. १.० वर पंचविशीतल्या मुलाचा ईजीएफआर १०७ येतो, तुझ्या ६४ व्या वर्षी तोच ६३. रिपोर्टावर ठळक अक्षर उमटलं नाही म्हणून सगळं छान, असं नसतं. बाबांबरोबर तुझंही अल्ब्युमिन करून घे. गुडघ्यासाठी घेतेस त्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या डॉक्टरांना दाखव, त्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात. मनाने घेऊ नकोस.

पैसे काल पाठवले आहेत. बाबा, ते तपासण्यांसाठीच आहेत, दादाच्या लग्नाच्या खर्चात घालू नका. त्याचे मी वेगळे पाठवते. तीन महिन्यांनी करायची तपासणी नेमकी लग्नाच्या आठवड्यात येते, म्हणून ती दहा दिवस आधीच उरकून घ्या. लग्नात धावपळ होणार, पाणी प्यायचं राहणार, अंग दुखलं की कोणीतरी गोळी हातावर ठेवणार, आणि त्या रक्ताचा आकडा वाढलेलाच येणार. आधी जमलंच नाही तर लगेच नंतरही नको, दोन आठवडे जाऊ द्या. सुट्टी मला लग्नापुरतीच मिळाली आहे, चार दिवसांची. दहा दिवस आधी बाबांबरोबर लॅबमध्ये बसायला मी नसेन. इथे दिवसभर अनोळखी माणसांच्या नळ्या हातातून जातात, आणि तुमची नळी कोण धरणार हे मला फोनवर विचारावं लागतं. दादाला त्या दिवशी सकाळी मोकळं ठेवायला सांगा.

माझ्या लग्नाचं आई तू पुन्हा लिहिलंस. दादाचं होऊ दे, मग बोलू, नाही म्हणत नाही. फोटो पाठवायचाच असेल तर आधी रिपोर्टाचा पाठव, दोन्ही पानांचा. आकड्याशेजारचा एककाचा रकाना कापला जाऊ देऊ नकोस.

तुमची,
धाकटी