डायनोसॉरच्या नाण्यांचा हिशेब

॥ श्री ॥

कार्डिफ,
9 ऑक्टोबर 2025

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथे खुशाल आहे आणि तुम्ही सर्व तिकडे खुशाल असाल अशी आशा करते. थंडी, ड्युटीच्या वेळा आणि डबा यांविषयी तुम्हाला सारे ठाऊक आहे, म्हणून त्यावर शाई घालवत नाही. आईने दिलेली कारळ्याची चटणी अजून पुरते आहे. पत्रास कारण असे की, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्या मागच्या टेबलावरचा नाण्यांचा अल्बम बाबांना दिसला, त्यांनी "एका नाण्याला किती दिलेस?" असे विचारले, मी "सांगते" म्हणाले आणि नेमका तेव्हाच फोन बंद पडला. तो मी मुद्दाम बंद केलेला नव्हता. पण दोन दिवसांनी आत्याचा फोन आला, तेव्हा कळले की मी परदेशात डायनोसॉरवर पगार उधळते आहे ही बातमी जेल रोडपासून सिन्नरपर्यंत पोहोचली आहे. फोनवर बाबांचा आवाज ऐकला की माझी पाठ केलेली उत्तरे विसरतात, म्हणून हा हिशेब लेखी देत आहे.

आधी इथली एक रीत समजावून सांगावी लागेल, नाहीतर पुढचे काहीच पटणार नाही. इथे ब्रिटनमध्ये पन्नास पेन्सची, म्हणजे अर्ध्या पौंडाची, नाणी दोन प्रकारची असतात. एक बाजारात फिरणारे, ज्याच्या मागच्या बाजूचे चित्र टांकसाळ अधूनमधून बदलते. दुसऱ्याचा धातू, वजन आणि आकार तोच असतो, तोंडावर राजा किंवा राणी तीच असते आणि लिहिलेली किंमतही पन्नास पेन्सच असते, पण ते बाजारात सोडलेच जात नाही. रंगीत चित्रे छापलेल्या पुठ्ठ्याच्या पाकिटात बसवून ते दहा पौंडांना किंवा त्याहून जास्तीला विकले जाते. म्हणजे अर्धा पौंड मिळवण्यासाठी माणसे दहा पौंड मोजतात आणि मिळालेला अर्धा पौंड खर्चही करत नाहीत. तेच चित्र चांदीत आणि सोन्यातही काढतात, पण त्या किमतींकडे मी बघतसुद्धा नाही. आमच्या प्रयोगशाळेतल्या एक वयस्कर बाई रोज जेवणाच्या सुट्टीत पर्समधली मोड टेबलावर ओततात, लक्ष्मीपूजनाला मांडतो तशी ओळीने लावतात आणि पन्नास पेन्सचे प्रत्येक नाणे उलटे करून बघतात. त्यांना लंडनच्या क्यू गार्डन या वनस्पती-उद्यानाचे 2009 सालचे नाणे हवे आहे, कारण ते अवघे 2 लाख 10 हजार काढले होते आणि आज त्याला शंभर पौंडांच्या वर भाव मिळतो. ते सापडत नाही, मग त्या सुस्कारा सोडून साध्या नाण्यांनी कॉफीचे पैसे देतात. पहिले सहा महिने मला वाटत होते की बाईंना पैशांची अडचण असावी आणि एकदा मी त्यांच्या कॉफीचे पैसे देऊ केले, तर सगळा विभाग हसला. डायनोसॉरची नाणी मात्र त्या नातवासाठी पाकिटातली विकत घेतात. आपण बारशाला चांदीचे नाणे देतो किंवा धनत्रयोदशीला सराफ बाजारातून आणतो, ते तरी कुठे वाण्याकडे चालवतो? हे मी आत्याला सांगितले, पण तिने विषय बदलला.

आता माझ्याजवळ काय आहे ते सांगते. सहा नाणी आहेत, त्यांपैकी तीन 2020 सालची आणि तीन 2021 सालची. पहिल्या तिघांवर मेगालोसॉरस, इग्वानोडॉन आणि हायलिओसॉरस आहेत. हेच तीन का, तर 1842 साली रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञाने 'डायनोसॉरिया' हा शब्द प्रथम वापरला, तेव्हा त्याच्यासमोर याच तीन प्राण्यांची हाडे होती. मेगालोसॉरसला 1824 साली विल्यम बकलंडने नाव दिले, इग्वानोडॉनला 1825 साली आणि हायलिओसॉरसला 1833 साली गिडिअन मँटेलने. हा मँटेल पेशाने डॉक्टर होता आणि रोगी तपासून उरलेल्या वेळात हाडे गोळा करत असे. त्याला इग्वानोडॉनचे एक टोकदार हाड सापडले, ते त्याने गेंड्याच्या शिंगासारखे नाकावर बसवले, आणि 1854 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत प्राण्यांचे मोठमोठे पुतळे उभारले तेव्हाही ते नाकावरच राहिले. पुढे पूर्ण सांगाडे मिळाल्यावर कळले की ते शिंग नसून अंगठ्याचे हाड होते. पुतळे अजून तसेच उभे आहेत. नाण्यांवरची चित्रे रॉबर्ट निकोल्स या चित्रकाराने काढली आहेत, आणि आजच्या शास्त्राला जे माहीत आहे त्याप्रमाणे त्याने हा अंगठा जागच्या जागी आणला आहे. एवढ्याशा चित्रात ती दुरुस्ती शोधायला मला बाबांचे जुने भिंग हवे होते. ते मी येताना न विचारता आणले, हे आता सांगून टाकते.

दुसरी तीन नाणी आईसाठी आहेत असे समज, आई. ती मेरी ॲनिंगच्या नावाची आहेत. ही लाइम रीजिस या समुद्रकाठच्या गावी 1799 साली एका सुताराच्या घरी जन्मली. बाप लवकर गेला, घरात कर्ज होते, म्हणून ती दरड कोसळली की किनाऱ्यावर जाऊन चिखलातून जीवाश्म वेचायची आणि फिरायला आलेल्या लोकांना विकायची. 1811 साली तिच्या भावाला इक्थिओसॉरची कवटी सापडली आणि पुढच्या वर्षी उरलेले धड हिने शोधले. तेव्हा ती जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती. 1823 साली तिने प्लेसिओसॉरचा अखंड सांगाडा काढला, तर त्याची मान इतकी लांब होती की फ्रान्सचा मोठा शास्त्रज्ञ क्युविए याला आधी ते खोटे वाटले. 1828 साली तिला उडणारा डायमॉर्फोडॉन सापडला. खरे पाहता हे तिघेही डायनोसॉर नव्हेत, दोन पाण्यातले आणि एक हवेतला, पण आत्याला एवढे बारकावे सांगण्यात अर्थ नाही. तिने काढलेल्या हाडांवर पुरुषांनी निबंध वाचले आणि लंडनच्या भूविज्ञान संस्थेने स्त्रियांना सभासद करून घेतले ते 1919 साली, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर बहात्तर वर्षांनी. मुलीने इतक्या लांब एकटीने राहून काय मिळवायचे, असे तू मागे विचारले होतेस. मी तिची बरोबरी सांगत नाही, नाणे फक्त दाखवते आहे.

बाबा, तुम्हाला टांकसाळीविषयी सांगायचे राहिले. इथली सरकारी टांकसाळ लंडनमध्ये नसून कार्डिफपासून जवळच्याच लँट्रिसंट या गावी आहे, आणि 1968 पासून तिथे नाणी पडतात. जूनमध्ये एका सहकाऱ्याबरोबर मी ती बघायला गेले. काचेपलीकडे कोऱ्या चकत्या घरंगळत येतात, वरच्या आणि खालच्या ठशांच्या मध्ये दाबल्या जातात आणि डोळ्याचे पाते लवण्याच्या आत नाणे होऊन पडतात. भेटीस आलेल्या माणसाला बटण दाबून स्वतःचे एक नाणे पाडताही येते. तिथल्या माणसाने सांगितले की पन्नास पेन्सचे नाणे 1969 साली दहा शिलिंगांच्या नोटेच्या जागी आणले, कारण नोट हातोहात फिरून फार लवकर फाटत असे. हे ऐकताच मी तुमची मुलगी असल्याचे सांगितले, म्हणजे माझ्या वडिलांनी नाशिकरोडच्या नोटप्रेसमध्ये चौतीस वर्षे काढली आहेत, असे. मग त्याने माझ्याशी अगदी बरोबरीच्या माणसाशी बोलावे तसे बोलून सात बाजूंचे गुपित उलगडले. त्या बाजू सरळ नसून किंचित फुगीर असतात, त्यामुळे नाणे कुठूनही मोजले तरी रुंदी 27.3 मिलिमीटरच भरते आणि यंत्राच्या फटीत ते अडकत नाही. मीही त्याला रुपयावरच्या सालाखालचा छोटा हिरा म्हणजे मुंबईची टांकसाळ आणि गोल टिंब म्हणजे नोएडाची, हे तुम्ही लहानपणी शिकवलेले सांगितले. सहकारी म्हणाला की हे त्यालाही ठाऊक नव्हते.

तर हिशेब असा: सहा नाण्यांना मिळून 75 पौंड, पौंड आजच्या भावाने 118 रुपयांच्या आसपास आहे, म्हणजे नऊ हजारांच्या आत. एकदा फसले, तेही लिहिते. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून रंगीत मेगालोसॉरस म्हणून दहा पौंडांना घेतलेल्या नाण्याचा रंग नखाने निघाला. साध्या नाण्यावर चिकटपट्टीचे चित्र लावलेले होते. प्रयोगशाळेच्या काट्यावर त्याचे वजन मात्र बरोबर 8 ग्रॅम भरले, म्हणजे पन्नास पेन्स तरी खरे मिळाले. ही गुंतवणूक आहे असे मी म्हणत नाही आणि दादानेही कोणाला सांगू नये. जी गोष्ट सगळेच जण पाकिटात जपून ठेवतात, तिचा भाव कशाला चढेल? कॅनडाने 2012 साली पॅकिरायनोसॉरसचे एक नाणे काढले आहे, त्यावरचा सांगाडा अंधारात चमकतो. ते घेण्याचा मोह मी आवरला, याची नोंद जमेच्या बाजूला व्हावी.

तुम्ही म्हणाल की नाशिकच्या मुलीला या हाडांचे काय कौतुक. पण आपला ब्रह्मगिरी, अंजनेरी आणि पांडवलेणी ज्या काळ्या दगडाची आहेत, तो दगड सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा आहे, आणि डायनोसॉर नाहीसे झाले ते त्याच सुमारास. मुख्य दोष मेक्सिकोत पडलेल्या उल्केचा मानतात, पण आपल्या लाव्ह्याचाही त्यात वाटा होता का, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा आणि डोंगरगावला लांब मानेच्या प्रचंड डायनोसॉरची हाडे मिळाली आहेत. नाण्यांचे म्हणाल तर आपल्या नाशिकजवळच्या जोगलटेंभीला 1906 साली नहपान या क्षत्रप राजाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी निघाली, आणि त्यांतल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने ती न वितळवताच स्वतःचा ठसा मारला होता. शाळेच्या सहलीत बाबांनीच हे सांगितले होते. आजीच्या पेटीतला चांदवडी रुपया कोणाकडे गेला, हे तर मी विचारतही नाही.

आणखी एक शोध लागला आहे. 1951 साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला शंभर वर्षे झाली म्हणून दोन आण्यांचे टपाल तिकीट निघाले, त्यावर स्टेगोडॉन गणेशा या नामशेष हत्तींची जोडी आहे. त्याचे जीवाश्म शिवालिकच्या टेकड्यांत सापडले आणि लांबच लांब सुळ्यांच्या या प्राण्याला नाव मिळाले आपल्या गणपतीचे. हे तिकीट छापले गेले नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये, आणि आप्पा आजोबा तेव्हा तिथेच कामाला होते. ते हत्ती त्यांच्या हाताखालून गेले की नाही हे आता कोण सांगणार, पण माळ्यावरच्या त्यांच्या ट्रंकेत जुन्या तिकिटांचा बिस्किटाचा डबा होता. बाबा, शिडीवर तुम्ही चढू नका, दादाला चढवा. माझ्या सहा नाण्यांपेक्षा मला ते एक तिकीट हवे आहे.

आता बाकीचे. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी 60 हजार रुपये सोमवारी खात्यात जमा होतील. भिंग चांगल्यातले बसवा, स्वस्तातले नको, आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे पैसे यात मिसळू नका, ते डिसेंबरात वेगळे पाठवीन. नाण्यांचे नऊ हजार यात का नाहीत, असे तुम्ही विचारणार नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच ते मला टोचतात. दिवाळीची रजा नाकारली असे मी म्हणाले होते. खरे असे की मी अर्जच केला नाही. आले असते तर भाऊबीजेच्या आधी संगमनेरच्या मंडळींचा कार्यक्रम ठरला असता, हे मला दिसत होते. त्या मुलाविषयी माझे काहीही वाईट मत नाही, पण त्यांना माझ्या वतीने नकार कळवा आणि दोष माझ्या नोकरीला द्या. आईच्या डोळ्यावर पट्टी असताना मी तिथे नसेन, याचे उत्तर माझ्याकडे नाही. सिंहस्थाला, म्हणजे 2027 साली, नक्की येईन असे लिहिणार होते, पण त्याच्या बरेच आधी येईन.

दादा-वहिनींना नमस्कार आणि चिनूला अनेक आशीर्वाद.

तुमची,
मनू

ता. क. चिनूसाठी इग्वानोडॉनचे नाणे पाठवत आहे; त्याला पाकीट फाडू द्या, अंगठा नीट दिसेल. मघाशी ज्या सहकाऱ्याविषयी लिहिले त्याची आई इंदिरानगरला राहते. ती महिनाभर इथे आली होती, वसुबारसेच्या आधी नाशिकला परत पोहोचेल आणि नाणे घेऊन स्वतः घरी येणार आहे. आई, त्यांना चहा दे, चिवडा दे, हवे तर आग्रहाने जेवायला बसव. कांदेपोहे मात्र करू नकोस.