तुम्ही लिहून घेतलंत म्हणून

आदरणीय कॅरल व्हॉर्डरमन यांस,

सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी कराडच्या आतेभावाने आमच्या घरच्या ग्रुपवर तुमच्या ‘काउंटडाउन’ची, म्हणजे टीव्हीवरच्या त्या अक्षर-आकड्यांच्या स्पर्धेची, एक जुनी क्लिप पाठवली. खाली एकच ओळ होती : ‘आजोबा सांगायचे ते गणित हेच का?’ मी स्वयंपाकघरात उभा होतो, गॅसवर चहा होता. क्लिप जेमतेम दोन मिनिटांची. बघून झाली तेव्हा चहा उतू गेलेला होता आणि मला पुढचं काही नीट दिसत नव्हतं. बायकोने विचारलं, काय झालं? सांगता येईना. म्हणून हे पत्र.

तुम्हाला मराठी येत नाही हे मला ठाऊक आहे. पण ज्यांच्या वतीने मी हे लिहितो आहे त्या माझ्या आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, सहीपुरतं सोडलं तर. त्यांनी तुम्हाला पहिल्या दिवसापासून ‘बाई’च म्हटलं. आमच्याकडे शाळेत शिकवणारीला बाई म्हणतात, आणि फळ्यासमोर उभं राहून गणित सोडवणारी बाई म्हणजे शिकवणारीच, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. तेव्हा मीही बाईच म्हणतो.

वडिलांना इथल्या रुग्णालयात नोकरी मिळाली आणि १९९६ च्या अखेरीस आम्ही कराड सोडून इंग्लंडमधल्या लीड्सला आलो. मी दहा वर्षांचा होतो. पुढच्या वर्षी आजोबा सहा महिन्यांसाठी आले. आई-वडील दोघंही कामावर, म्हणून शाळेतून आल्यावर नातवाला सोबत. त्यांची उभी हयात गुळाच्या आडतीवर दिवाणजी म्हणून गेली होती. कीर्द, खतावणी, रोजमेळ. सगळा हिशेब तोंडी आणि मग कागदावर. मला अडीचकीपर्यंतचे पाढे त्यांनीच शिकवले, तेही कराडच्या घराच्या पायरीवर बसून. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड नि अडीच यांचे पाढे. ज्यांच्या घरी हे ऐकलं गेलंय त्यांच्या कानात आत्ता चाल सुरू झाली असेल.

त्या पाऊणकीनेच मला इथल्या शाळेत खाली बसवलं.

गणित साधं होतं. एक पेन्सिल ७५ पेन्सला, तर ४८ पेन्सिली कितीला? मी ३६ पौंड लिहून मोकळा झालो. अठ्ठेचाळीसची पाऊणकी छत्तीस. यात आणखी काय लिहायचं असतं हेच मला कळत नव्हतं. वही परत आली तेव्हा उत्तराशेजारी लाल प्रश्नचिन्ह होतं. असं तीन-चारदा झालं. एकदा शिक्षकांनी सगळ्या वर्गादेखत विचारलं, कुणाचं बघून लिहिलंस? मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायला लागलो : आधी चार घ्यायचे, त्याचे तीन होतात... त्यांनी हात वर करून मला थांबवलं. आपण इथे असं करत नाही, म्हणाले. पुढच्या सोमवारी मी सगळ्यात खालच्या गटात होतो, जिथे मुलं अजून बोटांवर बेरजा करत होती.

त्या गृहस्थांचं नाव मी घेणार नाही. पण इतकं म्हणतो की त्यांना माझं वाक्य पूर्ण होऊ द्यायला वीस सेकंद पुरली असती. तुमच्या कार्यक्रमातलं घड्याळसुद्धा तीस देतं. आणि हे फक्त इथलंच आहे असं नाही. कराडच्या शाळेतही ‘पायऱ्या दाखवल्या नाहीत’ म्हणून अर्धा गुण कापला जायचाच. फरक इतकाच की तिथे कुणी मला चोर म्हटलं नव्हतं.

मी घरी काही बोललो नाही. आजोबांना मात्र कळलं असावं, कारण मी पाढे म्हणायचं बंद केलं होतं.

दुपारी साडेचारला आम्ही दोघं काउंटडाउन बघायचो. आम्ही किर्कस्टॉलला राहायचो आणि शहरात जाणारी बस यॉर्कशायर टेलिव्हिजनच्या इमारतीवरूनच जायची. बाई याच इमारतीत असतात, हे मी आजोबांना दाखवलं तेव्हा त्यांनी बसमधूनच हात जोडले. अक्षरांच्या फेऱ्या चालू असल्या की ते सुपारी कातरत बसत. आकड्यांची फेरी आली की अडकित्ता खाली. सहा आकडे, त्यांतून तीन अंकी संख्या गाठायची, प्रत्येक आकडा एकदाच वापरायचा, सगळे वापरलेच पाहिजेत असं नाही. यातला एक शब्दही मला त्यांना समजावून सांगावा लागला नाही. पहिल्याच दिवशी बघून त्यांनी नियम ओळखले. वरच्या रांगेतले मोठे आकडे बघून तर ते हसलेच. ‘अरे, पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर, शंभर. ही तर पाव, निम, पाऊण नि सबंध! यांच्याकडे पण आहेत की.’

मग ती दुपार आली. त्या स्पर्धकाने चारही मोठे आकडे मागितले होते. पाटीवर २५, ५०, ७५, १००, ३ आणि ६. गाठायची संख्या ९५२. घड्याळ संपलं. कार्यक्रमाचे सूत्रसंचालक रिचर्ड व्हाइटली यांनी विचारलं, आणि तो म्हणाला, बरोबर ९५२ आलं.

तो सांगू लागला. शंभर अधिक सहा, एकशे सहा. गुणिले तीन, तीनशे अठरा. इथवर ठीक. मग म्हणाला, गुणिले पंच्याहत्तर.

बाई, इथे तुम्हाला हसू आलं. खरंच येण्यासारखं होतं. जायचंय ९५२ ला आणि हा गृहस्थ हजारांत निघालाय! मी आजोबांकडे पाहिलं. माझ्या पोटात गोळा आला होता, कारण ते हसू मला ओळखीचं वाटलं. आता या त्याला थांबवणार, आपण इथे असं करत नाही म्हणणार, हे मी धरून चाललो होतो.

तुम्ही थांबवलं नाहीत. तुम्ही हसत हसत पेन फळ्यावर टेकवलंत आणि लिहिलंत : ३१८ × ७५.

माझ्या शेजारून आवाज आला, ‘तीनशेची सव्वादोनशे, अठराची साडेतेरा, दोनशे साडेअडतीस.’ आणि टीव्हीवर त्याचीच शंभरपट, तेवीस हजार आठशे पन्नास. तो म्हणाला, वजा पन्नास. तुम्ही लिहिलंत, २३,८००. तो म्हणाला, भागिले पंचवीस. आजोबा म्हणाले, ‘दोनशे अडतीस चोक.’ आणि तुमच्या फळ्यावर ९५२ उमटलं. लोक टाळ्या वाजवत होते, तुम्ही हसत होतात, आणि आता कळलं की ते हसू आनंदाचं होतं. ते दुसऱ्या हसण्यापेक्षा किती वेगळं दिसतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

नंतर आजोबा बराच वेळ पाकिटाच्या मागच्या बाजूवर आकडे मांडत होते. त्यांना ते पटत नव्हतं. ‘एवढा वळसा कशाला? तीनशे अठरा त्रिक नऊशे चौपन्न, त्यातून दोन वजा, झालं नऊशे बावन्न.’ मी म्हटलं, आजोबा, पण तीन तर वापरून झाला, आणि दोन पाटीवर नाहीच. मग ते गप्प झाले, आणि थोड्या वेळाने त्यांनी कपाळाला हात लावला. ‘तीन आहे की. पंच्याहत्तर भागिले पंचवीस. दोन पण आहे, पन्नास भागिले पंचवीस. पण पंचवीस एकच आहे रे! दोन्हीकडे कसा पुरेल? म्हणून त्याने तो शेवटपर्यंत राखून ठेवला. आधी सगळं पंचवीसपटीने मोठं होऊ दिलं, नि शेवटी एकदाच भागलं.’

मी आज बांधकामांचे खर्च काढण्याचं काम करतो, दिवसभर आकड्यांतच असतो, आणि तरीही ती युक्ती मला अजून थक्क करते. तीस सेकंदांत, दिव्यांखाली, कॅमेऱ्यासमोर, एका पंचविसाला दोन कामं लावायची. त्या स्पर्धकाचेही आभार मानायला हवेत, आणि मी मनापासून मानतो. पण त्याला त्याचं गणित येतच होतं. ते जगाला दिसलं तुमच्या हातामुळे.

आजोबांनी तेच म्हटलं. गणित उलगडून झाल्यावर त्यांनी पाकीट बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘बाईंनी लिहून घेतलं, बघितलंस? त्यांना मनातून वाटलं असेल, हा चुकलाय. तरी लिहून घेतलं.’ आडतीवर त्यांची तीच रीत होती. गूळ घेऊन येणारा शेतकरी अडाणी असायचा, पण त्याचा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का असायचा, कधी ढेपांवर, कधी बोटांच्या पेरांवर. बाकीचे दिवाणजी आपली वही पुढे करून ‘हे इतके होतात’ म्हणून मोकळे व्हायचे. आजोबा आधी त्याला बोलायला लावत. तो सांगेल तसं लिहून घेत, मग आपल्या वहीशी ताळा करत. ‘बऱ्याचदा आपलीच वही चुकलेली निघते,’ असं ते म्हणाले, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही आहे असं त्यांच्या बोलण्यात कुठे नव्हतं.

मग त्यांनी मला विचारलं, शाळेत काय झालंय? आणि मी सगळं सांगितलं. रडत, नाक पुसत, मधेच पेन्सिली, मधेच पौंड. ते ऐकत राहिले.

दुसऱ्या आठवड्यात आमचे नेहमीचे शिक्षक रजेवर होते आणि बदली बाई आल्या होत्या. गणित फळ्यावर होतं. मी उत्तर सांगितलं. कसं काढलंस, त्यांनी विचारलं. मला इंग्रजीत मोठं वाक्य जमणार नव्हतं. मी एवढंच म्हणालो, मी सांगतो, तुम्ही लिहाल का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि खडू उचलला. मी चार-चार शब्द बोलत गेलो, त्या लिहीत गेल्या. शेवटच्या ओळीला त्यांना हसू आलं. तसंच, तुमच्यासारखं. पुढे गट बदलला, वगैरे. ते सांगत बसत नाही. ‘मी सांगतो, तुम्ही लिहाल का’ हे वाक्य मला तुमच्या फळ्यावरून मिळालं, एवढंच तुम्हाला कळायला हवं.

मोठा झाल्यावर तुमच्याविषयी थोडं वाचलं. १९८२ मध्ये चॅनल फोर सुरू झालं त्याच दिवशी, २ नोव्हेंबरला, काउंटडाउन सुरू झालं आणि तुम्ही त्यात होतात. गणित येणारी मुलगी हवी अशी जाहिरात तुमच्या आईने वर्तमानपत्रात पाहिली आणि तुमच्या वतीने अर्ज धाडला. तेव्हा तुम्ही एकवीस वर्षांच्या होतात. केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकूनही तुम्हाला तिसरा वर्ग मिळाला होता. हे वाचून मला फार बरं वाटलं. कागदावरच्या गुणांनी माणूस मोजला जातो तेव्हा कसं वाटतं, हे तुम्हाला बहुधा कुणी सांगावं लागलं नसेल. २००८ मध्ये तुम्ही तो फळा सोडलात. सव्वीस वर्षं. त्या सव्वीस वर्षांत तुम्ही किती जणांचं बोलणं असं शेवटपर्यंत लिहून घेतलं असेल! स्वतःला त्याहून सोपी वाट दिसत असतानाही आधी समोरच्याची वाट फळ्यावर उमटू द्यायची. हे मोठं काम आहे, बाई. शाळेत, कचेरीत, दवाखान्यात, कुठेही बघा, खिडकीपलीकडचा माणूस दुसऱ्या शब्दालाच आपल्याला थांबवतो, कारण उत्तर त्याच्याकडे तयार असतं. जो थांबवत नाही त्याचा चेहरा आपण वर्षानुवर्षं विसरत नाही. मी त्या बदली बाईंचा विसरलेलो नाही.

आजोबा २००३ मध्ये कराडला वारले. आम्ही पोचलो तोवर सगळं झालेलं होतं. रिचर्ड व्हाइटलीही त्यानंतर दोन वर्षांनी गेले. त्या दुपारच्या माणसांपैकी आता आभार मानायला तुम्हीच सापडता.

आतेभावाने क्लिपसोबत आणखी एक फोटो पाठवला होता, तो मी नंतर पाहिला. आत्याच्या पेटीत सापडलेला निळा एरोग्राम, हवाई टपालाचा पत्रकागद. आजोबांनी लीड्सहून आजीला लिहिलेला. थंडी, माझी तब्येत, गुळाचा भाव काय चाललाय, आणि मग खाली, समास सोडून, ते गणित. पाच ओळींत. एकशे सहापासून नऊशे बावन्नपर्यंत. शेजारी लिहिलंय, ‘नातवाने समजावून दिले.’ समजावलं त्यांनी मला होतं. आजीला मात्र त्यांनी उलटं कळवलं.

तो फोटो सोबत जोडतो आहे. आकडे मराठी आहेत, म्हणून खाली मी इंग्रजी आकड्यांत उतरवून दिले आहेत. दुसऱ्या ओळीत शाई जरा फुटली आहे, पण ते ३१८च आहे.

आपला नम्र,
त्यांचा नातू
लीड्स